पॉल स्कीन्सला आत्ताच ट्रेड करावं का? (पायरेट्सवाले आणि इतर दुःखी जीव, या इकडे)

तीन_नद्या | २० नोव्हेंबर २०२५

मंडळी, सगळ्यांनी वाचलंच असेल, गेल्या आठवड्यात आपल्या पिट्सबर्ग पायरेट्सच्या पॉल स्कीन्सला नॅशनल लीगचं साय यंग अवॉर्ड (अमेरिकन बेसबॉलमधलं वर्षातल्या सगळ्यात भारी पिचरचं, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचं बक्षीस) मिळालं, तेही एकमताने. वय वर्षं २३. पायरेट्सच्या पिचरला हे याआधी १९६० मध्ये व्हर्न लॉ आणि १९९० मध्ये डग ड्रेबेक, बस्स दोनदाच मिळालंय. ऑफिसात सगळे खूश, मीपण खूश, पण घरी येऊन जेवता जेवता जो विचार डोक्यात आला तो इथे लिहितोय, शिव्या घालायच्या तर घाला.

माझं म्हणणं, याच ऑफ-सीझनला त्याला ट्रेड करा, म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात खेळाडू घ्या.

का ते सांगतो. १.९७ ईआरए, २१६ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट केलेले बॅटर), आणि रेकॉर्ड काय तर १०-१०. दहा जिंकल्या दहा हरला! मे महिन्यात फिलाडेल्फियाला आठ इनिंग एकट्याने टाकल्या, एकच रन दिला आणि तरी १-० ने हरला कारण आपल्या लोकांना एक रन काढता आला नाही. अख्ख्या सीझनमध्ये टीमचे ५८३ रन आणि ११७ होमरन, दोन्ही ३० टीममध्ये सगळ्यात कमी. शेवटी ७१-९१. आता हा पोरगा १६२ मॅचपैकी ३२ सुरू करतो, उरलेल्या १३० चं काय? बॅटर पाहिजेत, ते विकत घ्यायला मालक पैसे काढत नाही, मग बॅटर येणार कुठून? आपल्याकडे जगाला हवी अशी एकच वस्तू आहे. आणि तो २०२९ नंतर फ्री एजंट (कुठल्याही टीमकडे जायला मोकळा) होणार म्हणजे अजून चार सीझन बाकी, त्यामुळे आज जी किंमत येईल ती पुढे कधीच येणार नाही.

बोला.

कोथरूडचा_बाबू | २० नोव्हेंबर

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही पण धागा वाचतोय कारण आमच्याकडे सध्या हाच विषय चालू आहे, जडेजा राजस्थानला आणि संजू चेन्नईला. अजून पचलेलं नाही. जडेजाचे १८ चे १४ कोटी झाले तो भाग वेगळाच.

बाळबोध प्रश्न: १) या स्कीन्सला कोणी विचारणार का, की बाबा जातोस का? २) ईआरए म्हणजे काय? ३) चार सीझन बाकी म्हणजे करार केलाय का त्याने? करार केला असेल तर विकायचं कशाला?

आकडेमोड | २० नोव्हेंबर

बाबूराव, घ्या उत्तरं.

विचारणार नाहीत. आयपीएलमध्ये ट्रेडला खेळाडूची संमती लागते, इथे तसं नाही. करारात नो-ट्रेड कलम असेल किंवा लीगमध्ये दहा वर्षं काढून त्यातली शेवटची सलग पाच त्याच टीमकडे असतील तरच तो नाही म्हणू शकतो. स्कीन्सकडे दोन्ही नाही. फोन येतो, बॅग भरायची.

ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरने स्वतःच्या खात्यावर किती रन दिले. फील्डरच्या चुकीचे रन धरत नाहीत. तीनच्या खाली असला की उत्तम, दोनच्या खाली असला की लोक देवघरात फोटो लावतात. स्कीन्सचा पहिल्या वर्षी १.९६ आणि दुसऱ्या वर्षी १.९७.

करार वगैरे काही नाही, नियम आहे. मोठ्या लीगमध्ये सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत तुम्ही त्याच टीमचे. पहिली तीन वर्षं टीम जवळजवळ म्हणेल तो पगार. पुढची तीन आर्बिट्रेशन, म्हणजे पटलं नाही तर लवाद आकडा ठरवतो. सहा वर्षांनी मोकळे. २०२५ मध्ये कमीत कमी पगार होता ७,६०,००० डॉलर आणि स्कीन्सला मिळाले ८,७५,०००! बोनस पूलमधून वर ३४ लाखांच्या आसपास मिळाले ते सगळ्या टीम मिळून भरतात. म्हणजे जगातला सगळ्यात भारी पिचर पायरेट्सला जवळपास फुकट पडलाय. तो फुकट आहे म्हणूनच त्याची किंमत एवढी आहे, हे आधी डोक्यात फिट करा मग वाद घालू.

रच्याकने, २०२४ ला तो मे ११ ला आला, सीझन सुरू होऊन दीड महिना झाला होता. पण रुकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवोदित) झाल्यामुळे नियमानुसार अख्खं वर्ष धरलं गेलं, नाहीतर २०३० पर्यंत अडकला असता.

हडसनकाठी | २० नोव्हेंबर

जर्सी सिटीहून नमस्कार. एवढा विचार कशाला करताय, आमच्याकडे पाठवा ना, यांकीजकडे ब्रॉंक्समध्ये जागा आहे 😄 यंदा आमचा पिचर गेरिट कोल मार्चमध्येच कोपराच्या ऑपरेशनला गेला, अख्खा सीझन नाही. स्कीन्सला इकडे यायचंय अशी बातमी पण आली होती.

तीन_नद्या | २० नोव्हेंबर

ती बातमी त्याने स्वतःच उडवून लावली. आणि चेरिंग्टन (आमचा जीएम, म्हणजे टीम बांधणारा जनरल मॅनेजर) तर कधीपासून सांगतोय ट्रेडचा विषयच नाही म्हणून. पण जीएम लोक विषय नाही म्हणतात तेव्हा विषय असतोच.

हडसनकाठी | २० नोव्हेंबर

कोलपण तुमचाच होता म्हणा. थँक यू बरं का.

जुना_जाणता | २१ नोव्हेंबर

हडसनकाठी, मीठ चोळू नका.

मी १९८९ पासून पिट्सबर्गात आहे. आलो तेव्हा बॅटिंगला बाँड्स होता, ड्रेबेक होता. १९९२ ला अटलांटात सातव्या मॅचमध्ये सिड ब्रीम जिंकणारा रन घेत होमला घसरत आला (आमचाच जुना खेळाडू हो, तोही पायाने अधू झालेला) आणि आम्ही गेलो. त्या हिवाळ्यात बाँड्स आणि ड्रेबेक दोघे गेले. त्यानंतर सलग वीस सीझन हरण्याचे, वीस! माझी मुलगी शाळेत जाऊन कॉलेज संपवून नोकरीला लागली तोपर्यंत टीमने निम्म्यापेक्षा जास्त मॅच जिंकल्या नव्हत्या. २०१३, १४, १५ ला जरा जीव आला. २०१५ ला ९८ मॅच जिंकून एका वाइल्ड कार्ड मॅचमध्ये (हरला तो बाहेर) समोरच्या पिचर आरिएटाने गारद केलं. त्यानंतर प्लेऑफ नाही. वर्ल्ड सिरीजचं तर १९७९ नंतर नावच नको.

आता ट्रेडचं. जानेवारी २०१८ ला कोलला ह्यूस्टनला दिलं, दोन वर्षं बाकी होती त्याची. बदल्यात मस्ग्रोव्ह, मोरान, फेलिझ, मार्टिन. मस्ग्रोव्ह बरा निघाला पण चांगला होईपर्यंत त्यालाही विकला. कोलने २०१९ ला ३२६ स्ट्राइकआउट केले, ह्यूस्टनला वर्ल्ड सिरीजपर्यंत नेलं आणि मग यांकीजकडून ३२.४ कोटी डॉलर घेतले. त्याच २०१८ च्या जुलैत उलटा धंदा केला, क्रिस आर्चर पाहिजे म्हणून ग्लासनाऊ, मेडोज आणि शेन बाझ असे तिघे टॅम्पाला देऊन टाकले. ग्लासनाऊ आत्ता डॉजर्सकडून वर्ल्ड सिरीज जिंकलाय. आर्चर कुठे आहे मला विचारू नका.

तेव्हा तीन_नद्या, तुझं गणित कागदावर बरोबर आहे. पण गणित सोडवणार कोण? या ऑफिसने विकताना मार खाल्लाय आणि विकत घेतानाही खाल्लाय.

आकडेमोड | २१ नोव्हेंबर

काका, तेव्हा जीएम हंटिंग्टन होता, आता चेरिंग्टन आहे. आणि कोलच्याच आठवड्यात मॅककचनला जायंट्सकडे देऊन ब्रायन रेनॉल्ड्स मिळाला तो ट्रेड चांगलाच झाला की, त्याच ऑफिसने केला. एकाच आठवड्यात एक लागला एक हुकला.

जुना_जाणता | २१ नोव्हेंबर

जीएम बदलला, मालक तोच आहे. नटिंग २००७ पासून आहे.

शिवाजी_पेठ | २१ नोव्हेंबर

मी ओहायोत आहे, पलीकडच्या क्लीव्हलंडचा फॅन, पण बोलू द्या. भावांनो दुभती म्हैस विकून चार रेडकं आणायला निघालाय. रेडकं मोठी होईस्तवर दूध कोण देणार आणि त्यातली दोन नर निघाली तर?

पण एक सांगतो, आमच्या टीमने २००२ ला पिचर बार्तोलो कोलोन विकला मॉन्ट्रियलला. त्यात क्लिफ ली, ग्रेडी साइझमोर, ब्रँडन फिलिप्स असे तीन हिरे आले. लीने पुढं इथंच साय यंग जिंकला. तर असं होतं बी कधीकधी. पण घेणारा शहाणा लागतो आणि देणारा येडा. मॉन्ट्रियलवाल्यांची टीमच बंद पडणार अशी हवा होती तेव्हा, उद्याचं कुणाला पडलेलं नव्हतं. आज असा येडा जीएम एक बी राहिला नाय, सगळे कॉम्प्युटर घेऊन बसलेत.

कोथरूडचा_बाबू | २१ नोव्हेंबर

म्हैस 😂😂 आता मला समजायला लागलंय.

क्रॅनबेरीची_आई | २१ नोव्हेंबर

मी सहसा वाचनमात्र असते पण या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, लिटल लीगमध्ये पिचिंग करतो. त्यांच्या वयाला दिवसाला ८५ पिच ही मर्यादा आहे, ६६ च्या वर टाकले तर चार दिवस सुट्टी सक्तीची. मी बाकावर बसून हातात क्लिकर घेऊन मोजते, बाकीच्या आया मला हसतात. मॅच झाली की गाडीत बसल्या बसल्या मी त्याच्या कोपराची आतली बाजू दाबून बघते, तिथे एक छोटं हाड लागतं, त्याच्या जरा खाली दुखतं का विचारते. तो "नाही गं आई" म्हणतो पण ओठ कसे आवळतो त्यावरून मला कळतं. तिथलंच ते लिगामेंट, ज्यासाठी टॉमी जॉन सर्जरी करतात. मनगटाकडचा एखादा टेंडन काढून तिथे बसवतात. १९७४ ला पहिल्यांदा केली ती टॉमी जॉन नावाच्या पिचरवर, म्हणून ते नाव. बरं व्हायला वर्ष ते दीड वर्ष.

स्कीन्सचा सरासरी फास्टबॉल ९८ मैल आहे. क्रिकेटवाल्यांसाठी, १५७-१५८ किमी झाले, आणि धावत येऊन नाही, जागेवर उभं राहून एक पाऊल टाकून. अंतर साडेसाठ फूट, तुमच्या पिचपेक्षा कमीच. एका संध्याकाळी नव्वद-शंभर वेळा. त्यात स्प्लिंकर (वेगात येऊन खाली पडणारा बॉल) वगैरे टाकतो ते वेगळंच. आपलाच जॅरेड जोन्स बघा, २०२४ ला त्याच्यासोबतच पुढे आला, तोही ९७-९८ वाला, या मे महिन्यात कोपराचं ऑपरेशन झालं.

मला ट्रेड-बिड कळत नाही, पण "अजून चार वर्षं आहेत" असं जे सगळे म्हणताहेत ना, त्या चारातलं एखादं वर्ष तो हॉस्पिटल आणि फिजिओकडे घालवेल असं धरूनच बोला.

तीन_नद्या | २१ नोव्हेंबर

ताई, शंभर टक्के, हेच तर माझं मूळ म्हणणं आहे. बॅटर असता तर मी हा धागाच काढला नसता.

सँडी अल्कांतारा आठवा. मायामीचा. २०२२ ला एकमताने साय यंग, २२८ इनिंग टाकल्या, लोक म्हणाले विका आत्ता सोनं मिळेल. नाही विकला. २०२३ ला कोपर गेलं, २०२४ पूर्ण घरी, २०२५ ला परत आला तर ईआरए पाचच्या वर. आज त्याचे कोण किती देईल?

जुना_जाणता | २१ नोव्हेंबर

आणि वॉशिंग्टनचा पिचर स्ट्रासबर्ग? ८ जून २०१०, त्याची पहिली मॅच आमच्याच विरुद्ध होती, १४ स्ट्राइकआउट आणि एकही वॉक (चार चुकीचे बॉल टाकून बॅटरला फुकट बेस) नाही. मी टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवल्या, दुसरं करणार काय. ऑगस्टमध्ये कोपर फाटलं. सगळे म्हणाले संपला. वॉशिंग्टनने त्याला विकलं नाही, २०१२ ला प्लेऑफ तोंडावर असताना हात जपायला बसवून ठेवलं, लोकांनी शिव्या घातल्या. आणि २०१९ ला तोच वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू).

आकडेमोड | २१ नोव्हेंबर

त्याच्या पुढचंही सांगा काका. एमव्हीपी झाल्यावर २४.५ कोटी डॉलरचा करार दिला सात वर्षांचा आणि त्यात तो आठ मॅच खेळला फक्त. पिचरला ठेवावं की नाही आणि पिचरला मोठा करार द्यावा की नाही हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पायरेट्सपुढे दुसरा कधी येणारच नाही. या क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार रेनॉल्ड्सचा, आठ वर्षं १०.७ कोटीच्या आसपास. जपानी पिचर यामामोटोला डॉजर्सनी ३२.५ दिले तेव्हा त्याने अमेरिकेत एक बॉल टाकलेला नव्हता. स्कीन्स मोकळा होईल तेव्हा २७ वर्षांचा असेल, चार कोटी वर्षाला ही तर सुरुवात असेल. नटिंग देणार? हसू नका.

टोरंटोकर | २२ नोव्हेंबर

यामामोटोचं नाव कोणी काढलं 😭 तीन आठवडे झाले अजून जेवण जात नाही. दुसरी मॅच पूर्ण एकट्याने टाकली, सहावी जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी सातव्या मॅचला परत माउंडवर!! विश्रांती शून्य दिवस. आमचं घर, आमचं मैदान, नवव्या इनिंगला दोन आउट हवे होते फक्त आणि त्या मिगेल रोहासने होमरन मारला... असो. नको.

मुद्दा असा की तीन_नद्या म्हणतात १६२ मधल्या ३२ मॅच. पण ऑक्टोबरमध्ये हिशोब वेगळा होतो. तिथे असा एक माणूस सातपैकी तीन मॅच एकटा खातो. आम्ही हे डोळ्यांनी बघितलंय. असा माणूस परत मिळवायला ३२ कोटी लागतात, तुम्हाला तो ड्राफ्टमध्ये (नव्या पोरांच्या निवडीत) मिळालाय. विकाल तर वेडे आहात.

तीन_नद्या | २२ नोव्हेंबर

दादा दुःखात सहभागी आहे. पण ऑक्टोबरपर्यंत पोचलं पाहिजे ना आधी, ७१-९१ वाल्यांनी ऑक्टोबरच्या गप्पा मारायच्या म्हणजे.

हडसनकाठी | २२ नोव्हेंबर

सोटोचं उदाहरण घ्या की. वॉशिंग्टनने २०२२ ला बॅटर हुआन सोटोला विकला, २३ वर्षांचाच होता, अडीच सीझन बाकी. ४४ कोटीचा करार त्याने नाकारला होता. काय काय मिळालं बघा: एब्रम्स, गोर, जेम्स वुड, हॅसेल, सुसाना. यापेक्षा भारी पॅकेज अलीकडे कोणाला मिळालं नाही.

आकडेमोड | २२ नोव्हेंबर

आणि त्यानंतर ७१-९१, ७१-९१, ६६-९६. यंदा जुलैत जीएम आणि मॅनेजर दोघांना घरी पाठवलं. वुड आणि एब्रम्स ऑल-स्टार झाले, गोरही झाला, म्हणजे ट्रेड चांगला झाला असंच सगळे म्हणतात. तरी टीम तळाला! हेच मला सांगायचंय कधीपासून. पॅकेज उत्तम मिळालं तरी त्याच्या आजूबाजूला कोणीतरी पैसे टाकून टीम उभी करावी लागते. तीन_नद्या म्हणतो मालक पैसे काढत नाही म्हणून विका. अरे पण मालक पैसे काढत नसेल तर विकून आलेले चार पोरगेही २०३१ ला स्कीन्ससारखेच महाग होणार आणि आपण परत हाच धागा काढणार.

शिवाजी_पेठ | २२ नोव्हेंबर

+१. जाळ आणि धूर संगटच.

तीन_नद्या | २२ नोव्हेंबर

हे मान्य नाही मला. टॅम्पा काय करतं? क्लीव्हलंड काय करतं? तिकडचे मालक काय खिसे उलटे करतात का? विकत राहायचं, नवीन आणत राहायचं, तरीपण प्लेऑफला जातात. त्यांच्याकडे जे आहे ते म्हणजे वेळेवर विकायची हिंमत.

आकडेमोड | २२ नोव्हेंबर

मिलवॉकी घे, आपल्याच डिव्हिजनमधलं, आपल्यासारखंच छोटं मार्केट. कॉर्बिन बर्न्स त्यांचा साय यंगवाला. कधी विकला? फेब्रुवारी २०२४, एकच सीझन बाकी असताना. तोपर्यंत पूर्ण पिळून घेतला. जोई ओर्टिझ आणि डीएल हॉल आणि एक ड्राफ्ट पिक मिळाला, फार काही नाही. पण २०२४ ला डिव्हिजन जिंकली, २०२५ ला ९७ मॅच जिंकून सगळ्या लीगमध्ये पहिले आले. आणि बर्न्सला ॲरिझोनाने २१ कोटी दिले, जूनमध्ये त्याचं कोपर गेलं. बिल ॲरिझोनावर फाटलं.

चार सीझन बाकी असताना विकणं म्हणजे मिलवॉकी नाही. तशी घाई डेट्रॉइटला असेल, त्यांच्या पिचर स्कुबलचं एकच वर्ष उरलंय आणि तो २९ वर्षांचा आहे. त्यांनी डोकं धरून बसावं. आपण का बसायचं?

कोथरूडचा_बाबू | २२ नोव्हेंबर

अवांतर: पायरेट्स म्हणजे तेच ना ज्यांनी २००८ मध्ये आपल्या दोन भालाफेकवाल्या मुलांना पिचर म्हणून करारबद्ध केलं होतं? रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशचे. केकेआरचा रिंकू नव्हे.

जुना_जाणता | २३ नोव्हेंबर

तेच तेच. टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडले होते, वेगाने बॉल फेकायची स्पर्धा. तोवर बेसबॉल हातात धरला नव्हता म्हणे. रिंकू पुढे कुस्तीत गेला, डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये. पेन हिल्सच्या बालाजी मंदिराच्या कॅन्टीनमध्ये तेव्हा महिनाभर हाच विषय होता, इडली थंड व्हायची.

मंडळी, मालकाबद्दल एक सांगतो म्हणजे बाहेरच्यांना आमचा राग कळेल. पीएनसी पार्क २००१ ला उघडलं. तिसऱ्या बेसच्या बाजूला वरच्या मजल्यावर बसलं की समोर नदी, पिवळा क्लेमेंते ब्रिज आणि मागे सगळं डाउनटाउन, अमेरिकेत यापेक्षा सुंदर मैदान नाही, हे इतर टीमचे लोकपण म्हणतात. उघडताना लोकांनी पैसे देऊन विटांवर नावं कोरून घेतली होती, कोणी वडिलांचं, कोणी वारलेल्या भावाचं. यंदा एप्रिलमध्ये त्या विटा रिसायकलिंगच्या ढिगाऱ्यात सापडल्या. त्याच महिन्यात राइट फील्डच्या भिंतीवरचा रॉबर्तो क्लेमेंतेचा २१ नंबर काढून तिथे दारूची जाहिरात लावली! क्लेमेंते म्हणजे या गावाचा देव, १९७२ ला भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान पडून गेला. घरच्यांनी आवाज उठवल्यावर परत लावला. घरच्या पहिल्या मॅचला विमानामागे "टीम विका" असा बॅनर फिरत होता.

याच लोकांच्या हातात तुम्ही म्हणताय स्कीन्सचा सौदा द्या.

क्रॅनबेरीची_आई | २३ नोव्हेंबर

काका, ते कार्डाचं सांगा ना.

जुना_जाणता | २३ नोव्हेंबर

हो! स्कीन्सच्या पहिल्या मॅचच्या जर्सीवरचा पॅच लावलेलं कार्ड, जगात एकच. क्लबने जाहीर केलं, ज्याला सापडेल त्याने आम्हाला द्या, बदल्यात होम प्लेटमागची दोन सीझन तिकिटं ३० वर्षं. लॉस एंजेलिसच्या एका ११ वर्षांच्या मुलाला सापडलं. त्याने तिकिटं नको म्हटलं. लिलावात ११ लाख डॉलरच्या वर गेलं. पोरगं ११ वर्षांचं पण पायरेट्सची ३० वर्षं बघायची तयारी नव्हती त्याची 😄

हडसनकाठी | २३ नोव्हेंबर

🤣🤣 ते पोरगं आमच्या जीएमपेक्षा हुशार.

बरं आता सिरियसली विचारतो, तीन_नद्या, समजा फोन आलाच. काय घेणार? बोस्टनने गेल्या डिसेंबरला पिचर क्रोशे घेतला शिकागोकडून, दोन सीझन बाकी होते, चार प्रॉस्पेक्ट (होतकरू पोरं) दिले: टील, माँटगोमेरी, मेडरॉथ, गॉन्झालेझ. मग १७ कोटीचा करार केला आणि तो १८ मॅच जिंकला. स्कीन्सचे त्याच्या दुप्पट म्हणजे आठ?

तीन_नद्या | २३ नोव्हेंबर

आठ नकोत. संख्या वाढवली की कचरा भरतात हे आम्हाला कोलच्या वेळी कळलं. मला पाहिजेत तिघेच. एक, मोठ्या लीगमध्ये एक-दोन वर्षं खेळून सिद्ध झालेला तरुण बॅटर, वर्षाला ३० होमरनवाला, पाच वर्षं हातात असलेला. दोन, पहिल्या दहातला प्रॉस्पेक्ट, तोही बॅटरच. तीन, एक पिचर ज्याला निदान ट्रिपल-एमध्ये (मोठ्या लीगच्या लगेच खालची पायरी) बघितलाय. यातला एकही "दोन वर्षांनी बघू" नको.

आकडेमोड | २३ नोव्हेंबर

असा सौदा कोणीही देणार नाही. ज्याच्याकडे ३० होमरनवाला स्वस्त बॅटर आहे तो त्याला का सोडेल? त्याच्याकडेही तीच म्हैस आहे.

आणि कॉनर ग्रिफिनला विसरताय सगळे. २०२४ चा नवव्या नंबरचा ड्राफ्ट, १९ वर्षांचा शॉर्टस्टॉप, या एका सीझनमध्ये मायनर लीगच्या तीन पायऱ्या चढला, २१ होमरन आणि ६५ बेस चोरले. आज देशात पहिल्या नंबरचा प्रॉस्पेक्ट म्हणतात त्याला. २०२६ मध्ये कधीतरी येईल. बबा चँडलर ऑगस्टमध्ये आलाच आहे. म्हणजे २०२६-२७-२८ हीच तर खिडकी आहे, स्कीन्स आणि ग्रिफिन एकाच टीममध्ये, दोघेही स्वस्त! त्याच वेळी स्कीन्सला विकून अजून तीन वर्षं पुढे ढकलायचं? या हिवाळ्यात दोन बरे बॅटर घ्या, तीन-चार कोटी खर्च करा, साय यंगवाला पिचर पावणेनऊ लाखांत खेळतोय, तिथे वाचलेले पैसे गेले कुठे?

क्रॅनबेरीची_आई | २३ नोव्हेंबर

हेच. आमच्या मुलाचा वाढदिवस एप्रिलमध्ये असतो, यंदा स्कीन्सच्या बॉबलहेडच्या दिवशी नेलं होतं. पुलावर लांबच्या लांब लाईन, सगळ्यांच्या अंगावर ३० नंबर, आज्ज्यांच्यासुद्धा. ट्रेड केला तर त्या ३० नंबरवाल्या पोरांना काय सांगणार की चार मुलं आणलीयत, २०२९ पर्यंत थांबा?

तीन_नद्या | २४ नोव्हेंबर

ताई, पोरांना वाईट वाटेल म्हणून टीम चालवता येत नाही. बाँड्सच्या वेळीही वाटलंच होतं.

सगळं वाचलं, माझं मत तेच आहे, किंमत आज सगळ्यात जास्त आहे आणि कोपर कोणाची वाट बघत नाही. आकडेमोड, ग्रिफिनचा मुद्दा सोडला तर बाकी तुम्ही मालक बदलेल या आशेवर बोलताय. मी मालक हाच राहणार धरून बोलतोय. या हिवाळ्यात त्याने खरंच दोन बॅटर घेतले तर मी एक वर्ष गप्प बसतो. नाही घेतले तर मार्चमध्ये हाच धागा वर काढणार. आणि काहीही झालं तरी जुलै २०२७ च्या ट्रेड डेडलाइनपलीकडे ठेवायचा नाही, दोन सीझन बाकी असताना हातात काहीतरी येईल.

जुना_जाणता | २४ नोव्हेंबर

मी सही करतो यावर. कोलच्या वेळी पण दोनच बाकी होते हे मात्र लक्षात ठेव.

आकडेमोड | २४ नोव्हेंबर

जुलै २०२७ म्हणताय पण १ डिसेंबर २०२६ ला मालक आणि प्लेअर युनियनचा करार संपतोय. मालकांना पगारावर मर्यादा पाहिजे, युनियन ऐकणार नाही, लॉकआउट (मालकांची टाळेबंदी) लांबला तर २०२७ चा सीझन अर्धाच व्हायचा. तसं झालं तर चारातलं एक वर्ष माउंडवर न चढताच जाईल.

क्रॅनबेरीची_आई | २४ नोव्हेंबर

निदान कोपराला विश्रांती.

कोथरूडचा_बाबू | २४ नोव्हेंबर

मार्चमध्ये धागा वर काढाल तेव्हा मला टॅग करा. तोवर एक सांगा, या मॅच भारतात कशावर दिसतात आणि किती वाजता?

तीन_नद्या | २४ नोव्हेंबर

इथली संध्याकाळची मॅच म्हणजे तुमच्याकडे पहाटे चार-सव्वाचार. स्कीन्स टाकणार असेल तेव्हा उठा, बाकीच्या दिवशी झोपा.